मामांची सक्त मनाई

मामांचा जीव दोन गोष्टींत गुंतलेला होता. एक वाचनालय आणि दुसरी सूचना. त्यांच्या वाचनालयात पुस्तकं जास्त की सूचना जास्त, हे नव्या माणसाला चटकन सांगता आलं नसतं. दारावर लिहिलं होतं, 'दार हळू लावावे.' आत शिरून मागे वळलं की दाराच्या पाठीवर दिसायचं, 'हळू लावलेत ना?' नळाला सूचना होती, खिडकीला सूचना होती, आणि सूचनांच्या फळ्याशेजारी एक चिटुकला कागद होता, 'शेजारील सूचना वाचाव्यात.'

माणूस मनाने चांगला होता. पण व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसले की त्यांच्या अंगात काहीतरी संचारायचं.

भिंगरी ही त्यांची भाची, बहिणीची मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आजोबांनी लहानपणीच तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. वाचनालय तिच्या घराच्या रस्त्यावरच होतं आणि मामा आणि आजोबा त्याच्या वरच्या मजल्यावर राहायचे. त्यामुळे शाळा सुटली की तिचे पाय आपोआप तिकडे वळायचे. तिचं ऐकून ऐकून आसपासची सगळी मुलंही व्यवस्थापकांना मामाच म्हणायची.

आजोबा म्हणजे मामांचे वडील. जन्मभर त्यांनी शाळेत शिकवलं. पुढे नजर हळूहळू गेली. आधी फळ्यावरची अक्षरं गेली, मग पुस्तकातली, मग माणसांचे चेहरे. पण गोष्टी कुठेच गेल्या नव्हत्या. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठ्या टेबलाशी बसून ते मुलांना गोष्ट सांगायचे. आजोबांची एक रीत होती. ते गोष्टीचा शेवट मुद्दाम बिघडवायचे. राजकन्या दमून झोपून जायची, शूर खलाशी होडीत बसायच्या आधीच घसरून पडायचा. मग मुलं आरडाओरडा करायची, "असं नाही! असं नाही!" आणि आजोबा साळसूदपणे विचारायचे, "नाही? मग कसं?" खरी गोष्ट तिथून सुरू व्हायची. मुलं शेवट घडवायची, भांडायची, आणि त्या भांडणात कधी विचार करायला शिकायची त्यांचं त्यांनाही कळायचं नाही.

पण मामांनी खोलीला नियम लावले आणि गाडं अडलं. एकेक मूल गळायला लागलं. मागच्या रविवारी तर दोघंच आली होती, चष्मेवाल्याची जुळी मुलं. हाताची घडी, तोंडावर बोट. आजोबांनी त्यांना आळशी घड्याळाची गोष्ट सांगितली. ते घड्याळ सगळ्यांना उठवायच्या वेळी स्वतःच झोपलेलं असायचं. शेवटी आजोबा म्हणाले, "आणि मग ते घड्याळ भंगारात गेलं. संपली गोष्ट."

आणि ते थांबले, आरडाओरड्याची वाट बघत.

"धन्यवाद," जुळी एका सुरात म्हणाली, आणि खुर्च्या जागच्या जागी सरकवून निघून गेली.

 भिंगरीने आजोबांना हात धरून वर नेलं, तेव्हा जिन्यात ते एवढंच म्हणाले, "बिचारं घड्याळ."

मामांनीही रिकाम्या खुर्च्या पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन त्या खोलीत कपाटांची मापं काढताना दिसले.

"हे काय चाललंय?" भिंगरीने विचारलं.

"जुनी वर्तमानपत्रं कुठे ठेवायची हा प्रश्नच आहे. ही खोली बरी. कोरडी आहे."

"आणि आजोबा?"

टेप खट्‌कन गुंडाळत मामा म्हणाले, "अगं, मुलंच येत नाहीत तर कुणाला सांगणार? हा रविवार बघतो. खुर्च्या भरल्या तर खोली गोष्टीची, नाही भरल्या तर वर्तमानपत्रांची. याहून काय करू?" मग जरा नरमून म्हणाले, "तू शाळेत ते पानं सजवायचं शिकलीस ना? खोलीचं वेबपेज जरा नटवून दे. मात्र एक लक्षात ठेव. मजकूर समितीने मंजूर केलाय, त्याला मी कुलूप लावलंय. काना-मात्रासुद्धा इकडची तिकडे झालेली चालणार नाही."

"म्हणजे मी फक्त दिसणं बदलायचं?"

"फक्त दिसणं. असणं माझ्याकडे."

हे ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. वेबपेजची दोन अंगं असतात. एक मजकूर, म्हणजे काय लिहिलंय ते. दुसरं त्याची स्टाइल, म्हणजे ते कसं दिसावं याच्या आज्ञा: शीर्षक मोठं कर, ही ओळ निळी कर, त्या ओळीखाली रेघ मार. मजकूर हा माणूस आणि स्टाइल हे त्याचे कपडे, असं समजायला हरकत नाही. कपडे कितीही बदला, आतला माणूस तोच. मामांनी माणसाला कुलपात ठेवलं होतं आणि कपाटाची किल्ली भाचीच्या हाती दिली होती.

भिंगरी संगणकापाशी बसली आणि मामांचा मजकूर वाचून तिने कपाळावर हात मारून घेतला.

'वाचनालयाची गोष्टीची खोली दर रविवारी सकाळी समितीच्या निर्णयाच्या अधीन राहून उघडण्यात येते. सदर खोली सर्व मुलांसाठी खुली असली तरी खोलीत मोठ्याने हसणे, गोष्ट चालू असताना मध्येच प्रश्न विचारणे, खुर्चीवर पाय वर घेऊन बसणे, कोणत्याही कारणास्तव टेबलाखालून गोष्ट ऐकणे, तसेच सांगणाऱ्यास आग्रह करून गोष्टीचा शेवट बदलायला लावणे या प्रकारांना सक्त मनाई आहे.'

आता हे वाचून कोण येणार होतं?

तिने अक्षर मोठं करून पाहिलं. मनाई मोठी झाली. रंग गुलाबी करून पाहिला. मनाई गुलाबी झाली. कोपरे गोल केले, मागे ढग टाकले, तरी ती मनाईच. वैतागून तिने खुर्चीवर दोन गिरक्या घेतल्या, आणि तिसऱ्या गिरकीत तिचं लक्ष त्या ठळक शब्दांवर गेलं.

मामांची एक खोड होती. बोलताना जिथे त्यांचा आवाज चढायचा, तिथे लिहिताना ते ठळक करायचं बटण दाबायचे. त्यांच्या लेखी मुलांचे गुन्हे ही फार महत्त्वाची बाब होती, म्हणून खोली, वार आणि कुणासाठी हे सांगणाऱ्या शब्दांसोबत प्रत्येक गुन्हाही त्यांनी ठळक केला होता. महत्त्वाच्या शब्दांपैकी 'सक्त मनाई आहे' एवढे मात्र ठळक नव्हते. ते त्यांनी लाल केले होते. लाल रंग पुरे, असं त्यांना वाटलं असणार.

भिंगरीने फक्त ठळक शब्द वाचले. मग पुन्हा एकदा वाचले. मग तिने तोंडावर हात दाबला, कारण वाचनालयात मोठ्याने हसायला मनाई होती.

आज्ञा लिहायला तिला फार वेळ लागला नाही. सगळा मजकूर पांढरा कर, कागदासारखा, आणि मुंगीएवढा बारीक. जे ठळक आहे ते मात्र गडद निळं, भलं मोठं, आणि प्रत्येक ठळक तुकड्याला स्वतंत्र ओळ. लाल रंग जरा हट्टी निघाला. त्याला वेगळं बजावून सांगावं लागलं, पण शेवटी तोही पांढरा झाला. पानावर उरलं ते असं:

गोष्टीची खोली
रविवारी सकाळी
सर्व मुलांसाठी
मोठ्याने हसणे
मध्येच प्रश्न विचारणे
पाय वर घेऊन बसणे
टेबलाखालून गोष्ट ऐकणे
गोष्टीचा शेवट बदलायला लावणे

एकही अक्षर तिने पुसलं नव्हतं. एकही घातलं नव्हतं. काना जागेवर, मात्रा जागेवर.

वाचनालयाच्या दर्शनी खिडकीत एक स्क्रीन होता, त्यावर हेच पान दिवसभर रस्त्याकडे तोंड करून झळकायचं. बस थांब्यावर उभी असलेली मुलं ते वाचायला लागली. एका पोराने आईची बाही ओढून विचारलं, "टेबलाखालून? खरंच?" मामांना काहीच कळलं नाही, कारण मामा पान कधी बघतच नसत. ते रोज आपला मजकूर उघडायचे, काना-मात्रा तपासायचे, आणि कुलूप लावून समाधानाने चहा घ्यायचे.

आजोबांना मात्र उत्सुकता होती. "पान नटवलंस म्हणे? बघू तरी." त्यांचं बघणं म्हणजे फोनकडून वाचून घेणं. फोनमधली बाई थंडगार आवाजात पान वाचायला लागली, आणि भिंगरी चक्क एका जागी उभी राहिली. ती बाई सगळं वाचत होती. 'समितीच्या निर्णयाच्या अधीन राहून.' 'खुली असली तरी.' शेवटी 'सक्त मनाई आहे.'

फोनला रंग दिसत नव्हते. त्याला पांढरं काय आणि निळं काय, मजकूर तो मजकूर.

"फारसा फरक नाही पडला गं पोरी," आजोबा म्हणाले. मग जरा थांबले. "टेबलाखालून ऐकणे... हे टेबलाखालचं कुणाला सुचलं?" आणि मिशीतल्या मिशीत हसले.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, असं भिंगरीला वाटलं. पण रविवार तोंडावर होता. ती गप्प राहिली, आणि आजोबांना चहा आणून दिला. जरा जास्तच साखर घालून.

रविवारी आजोबा खाली आले ते रिकाम्या खोलीची मनाची तयारी करून. दारातच त्यांचा पाय थबकला. आत चिवचिवाट होता. खुर्च्या कधीच भरल्या होत्या, खिडकीच्या कट्ट्यावर मुलं होती, आणि टेबलाखालून कुणीतरी म्हणत होतं, "ए सरक ना, माझं डोकं लागतंय."

आजोबा बसले. गोष्टीला सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला खोली खदाखदा हसली. दुसऱ्या वाक्याला प्रश्न आला, "पण घड्याळाला झोप कशी येईल? त्याला डोळेच नाहीत!" मग खुर्च्या करकरल्या, आणि आजोबांनी ओळखलं की पाय वर गेले. त्यांनी मान तिरकी केली. ही मुलं एकेक करून मनाई मोडत होती, आणि तीही जवळजवळ लिहिलेल्याच क्रमाने! फोनने वाचून दाखवलेली सगळी ओळ त्यांच्या ध्यानात होती. हसणे झालं, विचारणे झालं, पाय झाले, टेबल झालं. आता एकच उरलं होतं.

"आणि मग ते घड्याळ," आजोबा सावकाश म्हणाले, "भंगारात गेलं. संपली गोष्ट."

"नाऽऽही!"

खिडकीची काच थरथरली. आजोबांचा चेहरा असा उजळला की टेबलाखालची मुलंही बघायला बाहेर आली.

त्याच आवाजाने मामा जिन्यावरून धावत खाली आले. "काय चाललंय काय? नियम वाचले नाहीत का कुणी?"

"वाचले की!" पावभट्टीवाल्याची मुलगी म्हणाली. "म्हणून तर आलो. चार झाले, हा पाचवा."

मामांनी काउंटरवरच्या संगणकाकडे धाव घेतली, पान उघडलं, आणि त्यांचा चेहरा पानातल्या मजकुराइतकाच पांढरा पडला. "भिंगरे! माझी मनाई कुठे गेली?"

"आहे ना."

"कुठे आहे? मला दिसत नाही!"

भिंगरीने माऊस हातात घेतला आणि पानाच्या वरपासून खालपर्यंत ओढला. निळा पट्टा सरकत गेला, आणि धुक्यातून घरं वर यावीत तसे त्यावर पांढरे बारीक शब्द एकेक करून उमटले. 'खुली असली तरी' उमटलं. 'कोणत्याही कारणास्तव' उमटलं. सगळ्यात शेवटी 'सक्त मनाई आहे.'

"बघ. एक काना हलला असेल तर सांग."

"पण हे दिसत का नव्हतं?"

"दिसणं माझ्याकडे, असणं तुझ्याकडे. वाटणी तूच केलीस, मामा."

मामा फळ्यावरच्या सूचनांत याविरुद्धचा नियम शोधायला लागले. एवढ्यात काठी टेकत आजोबा तिथे आले. सगळं ऐकून ते आधी पोटभर हसले. मग त्यांनी काठी जमिनीवर एकदा आपटली, आणि ते आपटणं भिंगरीला ओळखीचं होतं. शाळेत त्यांचे विद्यार्थी त्याला घाबरायचे म्हणे.

"म्हणजे मला फोनने वाचून दाखवलं ते वेगळं, आणि या मुलांनी पाहिलं ते वेगळं."

"मजकूर तोच आहे, आजोबा."

"मजकूर तोच. पण दार एक आणि पाट्या दोन. डोळेवाल्यांना 'या, हसा' आणि माझ्यासारख्याला 'सक्त मनाई'. हो ना?"

भिंगरीने खाली पाहिलं. खोड काढायची होती मामांची, आणि निघाली आजोबांची. "माझ्या ध्यानातच आलं नाही," ती पुटपुटली. मग खरं तेच बोलली. "म्हणजे, परवा आलं होतं. पण मी बोलले नाही. खोली गेली असती."

"हं. म्हणून त्या दिवशी चहा इतका गोड होता." आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "युक्ती झकास होती. पण माणसाचे कपडे बदलणं वेगळं आणि अर्ध्या माणसावर चादर टाकणं वेगळं. आज आलेली मुलं धरायची नाहीत."

"बाबा!" खुद्द मामाच दचकले. "इतकी आलीत की!"

"अर्धं वाचून आलीत. पुढच्या रविवारी पूर्ण पान दाखवू, सगळं, सगळ्यांना. ते वाचून खुर्च्या भरल्या तर भरल्या. नाहीतर आण तुझी कपाटं."

 पूर्ण पान म्हणजे मनाईसकट पान. म्हणजे तीच हाताची घडी आणि तेच धन्यवाद.

तो आठवडा ती फारशी फिरली नाही, म्हणून तिच्या आईने दोनदा तिचं कपाळ तपासलं. पान तिने पुन्हा केलं. चादर काढली. मजकूर सगळा काळाभोर, ठसठशीत, कुणालाही वाचता येईल असा. ठळक शब्द थोडे मोठे ठेवले, कारण ते मामांनीच ठळक केले होते. लाल मनाई लालच. मग आजोबांचा फोन मागून घेतला आणि ती बाई वाचत असताना ओळीवर बोट ठेवून तपासलं. कानाला आणि डोळ्याला, दोघांना तेच. खरं पान. आणि खरं सांगायचं तर, कंटाळवाणं पान.

"आजोबा, कुणी नाही येणार," ती म्हणाली.

आजोबा खिडकीशी ऊन खात बसले होते. "तुला माहितीये, टेबलाखाली बसून गोष्ट कोण ऐकायचं?"

"कोण?"

"एक पोरगा होता. खुर्चीवर बसायचाच नाही. टेबलाखाली घुसायचा, माझ्या बुटाच्या नाड्या सोडायचा, आणि मध्येच तिथून ओरडायचा, 'का पण? का पण?' आळशी घड्याळाची गोष्ट तर त्याला रोज लागायची, आणि रोज शेवट बदलून लागायचा. घड्याळ भंगारात गेलं की हा मुळूमुळू रडायचा." आजोबांनी चहाचा घोट घेतला. "मनाईत इतकं बारीकसारीक लिहिलंय ना, ते करून बसलेल्या माणसालाच सुचतं."

भिंगरीने डोळे मोठे केले. "मामा?"

"मी कुठे नाव घेतलं?"

त्या संध्याकाळी तिने स्टाइलमध्ये फक्त एक आज्ञा वाढवली. स्टाइलला जसं झाकता येतं, तसंच एखाद्या शब्दाच्या मागे आपल्याकडचं शेपूट जोडताही येतं. ते मजकुरात नसतं, पानावर मात्र असतं. आज्ञा लिहून तिने आधी आजोबांचा फोन कानाशी धरला. बाईने ते शेपूटही वाचलं, तितक्याच थंडपणे. डोळ्याला आणि कानाला सारखंच. मग तिने ते तसंच राहू दिलं.

रविवार उजाडला. खोली रिकामी होती. मामा टेप खिशात ठेवून दाराशी उभे होते. पण बाहेर काढत नव्हते, उगीच खिशावरून हात फिरवत होते. आजोबा टेबलाशी ताठ बसले होते. भिंगरी दारातून खिडकीशी आणि खिडकीतून दाराशी करत होती.

मग दार वाजलं. हळू नाही, धाडकन. जुळी आली होती. त्यांच्या मागे पावभट्टीवाल्याची मुलगी, तिच्या मागे बस थांब्यावरचा पोरगा त्याच्या आईसकट, आणि त्यांच्या मागे रांगच.

"टेबलाखाली बसायला मनाई आहे ना?" एका चिमुरडीने दारातूनच विचारलं. "कुठलं टेबल?"

"पूर्ण वाचलंत का पान?" मामांनी चकित होऊन विचारलं.

"वाचलं. आम्हाला सगळ्याला मनाई आहे," जुळ्यांपैकी एक म्हणाला.

"सगळ्यांना मनाई आहे," दुसरा म्हणाला, "मामांना सोडून."

"काय?"

"तसं लिहिलंय. 'सक्त मनाई आहे, मामांना सोडून.' तुम्ही टेबलाखाली बसणार ते बघायला आलोय आम्ही."

मामा काउंटरकडे धावले. पानावर खरंच ते शब्द होते, लालभडक. त्यांनी मजकुराचं कुलूप उघडलं. मजकुरात नव्हते. पुन्हा पान पाहिलं. होते. भिंगरीकडून शिकलेलं आठवून त्यांनी माऊस ओढला. 'सक्त मनाई आहे' निळं झालं, पुढचे शब्द मात्र मख्ख. निळे होत नव्हते, धरता येत नव्हते, पुसायला सापडत नव्हते.

"मजकुराला मी हात लावलेला नाही," भिंगरी सुरक्षित अंतरावरून म्हणाली.

आतून आजोबांच्या फोनमधल्या बाईचा आवाज आला, "सक्त मनाई आहे, मामांना सोडून." आणि मागोमाग आजोबांचा, "ऐकू येतंय बरं का! आज पाटी एकच आहे. ये, बस."

मामा आत येऊन दाराशी उभे राहिले, चौकटीला टेकून, अगदी व्यवस्थापकासारखे. आजोबांनी गोष्ट सुरू केली. पुन्हा आळशी घड्याळाचीच. मुलं ओठ घट्ट मिटून बसली होती, गाल फुगवून हसू धरून ठेवलं होतं. हाताची घडी. पाय खाली. सगळ्यांचे डोळे मामांवर.

"आणि मग," आजोबा म्हणाले, "ते घड्याळ भंगारात गेलं."

कुणी हूं की चूं केलं नाही.  आजोबा वाट बघत होते. मुलं मामांकडे बघत होती. पावभट्टीवाल्याची मुलगी न राहवून कुजबुजली, "मामा, बोला ना. आम्हाला मनाई आहे."

मामांनी घसा खाकरला. "गोष्टीत... म्हणजे समितीच्या दृष्टीने पाहता..."

"संपली गोष्ट," आजोबा निर्दयपणे म्हणाले.

"नाही हं, बाबा!" मामा एकदम ओरडले. आवाज व्यवस्थापकाचा नव्हता. "घड्याळ भंगारात नाही जात! दरवेळी काय तेच? भंगारवाला ते घरी नेतो, आणि त्याच्या घरी एक बाळ असतं, ते झोपतच नसतं, आणि मग..."

"का पण?" कुणीतरी ओरडलं.

"का म्हणजे? आळशी घड्याळाशेजारी ठेवल्यावर बाळाला झोप नाही येणार?"

आणि मग कुणालाच धरवलं नाही. खोली फुटली. हसणं झालं, प्रश्न झाले, पाय वर गेले, दोघंतिघं टेबलाखाली घुसली. मामांना बसायला खुर्ची उरली नव्हती. ते इकडेतिकडे बघत होते, तेवढ्यात टेबलाखालून एक छोटा हात बाहेर आला आणि त्यांची पँट ओढायला लागला.

गोष्टीची खोली गोष्टीचीच राहिली. टेप पुन्हा दिसली नाही. बहुधा त्या दिवशी टेबलाखाली पडली असावी आणि कुणी शोधायच्या भानगडीत पडलं नसावं. वर्तमानपत्रं जिन्याखाली गेली. मामा रोज मजकूर उघडतात, काना-मात्रा तपासतात, आणि मग पानावरचे ते लाल शब्द माऊसने पकडायचा एकदा प्रयत्न करतात. पकडता येत नाहीत. भिंगरीला सांगितलं तर ती एका मिनिटात काढून टाकेल, हे त्यांना ठाऊक आहे.

अजून तरी त्यांनी सांगितलेलं नाही.

आणि रविवारी गोष्ट संपल्यावर आजोबा उठायला लागले की आधी वाकून बूट चाचपतात. नाड्या सुटलेल्या असतात.